उंचीप्रमाणे लावलेले दिवस

१

“रात्मी, आकडे ज्या पावलांनी आले, त्याच पावलांनी त्यांना बसव. उंचीप्रमाणे रांग लावायला ही काही शाळेची कवायत नव्हे.”

गुरूंना जाऊन वीस वर्षं झाली होती. गुरुवारी सकाळी पूर्व जावातल्या त्या जुन्या साखर कारखान्याच्या फाटकाशी गाडीतून उतरताना त्यांचा आवाज आजच का आठवावा, हे बू रात्मींचं, म्हणजे रात्मीबाईंचं, त्यांनाच कळेना. साठीला टेकलेलं वय, पहाटेच्या अजानेआधी खाल्लेले दोन घास, आणि आता सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. सोमवार-गुरुवारचा हा उपास त्यांनी एकतीस वर्षं मोडला नव्हता. तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेत त्या चालू लागल्या. चिमणीतून उडणारी चिपाडांची काळी राख त्यांच्या पांढऱ्या ओढणीवर अलगद बसत होती. झटकायचाही कंटाळा आला होता.

मागच्या शुक्रवारी सकाळी तीन नंबरच्या बॉयलरला पाणी देणारा पंप बंद पडला होता. बॉयलर कोरडा पडला, आतली नळी फुटली, आणि तुकिरान नावाचा बॉयलरवाला वाफेत होरपळून जागीच गेला. पंप आदल्याच संध्याकाळी सारकम फिटरनं दुरुस्त केला होता. चार दिवसांत चौकशी उरकली आणि दोष सारकमवर आला. अहवाल उद्या दहाला पोलिसांत जायचा होता. त्यावर बाहेरच्या जाणकाराची सही हवी, म्हणून सुराबायाच्या तंत्रसंस्थेतून बू रात्मींना बोलावलं होतं. यंत्रं कितीदा बिघडतात आणि दुरुस्त होऊन किती टिकतात, हे आकड्यांतून वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“ओळखलंत का, बू?” यंत्रविभागाचे प्रमुख विदग्दो दारातच वाकून उभे होते. “बारा वर्षांपूर्वी इथेच तुमचा तीन दिवसांचा वर्ग झाला होता. मी पहिल्या बाकावर.”

“प्रश्न फार विचारायचात,” बू हळू हसल्या.

“आता उत्तरं देता देता नाकी नऊ येतात.” विदग्दोंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. त्यांनी चहा मागवला, मग गुरुवार आठवून जीभ चावली, आणि एक तक्ता पुढे सरकवला.

दोन दुरुस्त्यांच्या मधे पंप किती दिवस चालला, ते त्यात होतं. तक्ता पंचवीस ऑगस्टचा, म्हणजे अपघाताच्या तीन दिवस आधीचा. सोळा मेला इथल्या रिवाजाप्रमाणे उसाचं लग्न लावून गळीत सुरू झालं, तिथपासूनचे सात आकडे वरून खाली लिहिले होते: तीन, पाच, आठ, बारा, सतरा, चोवीस, एकतीस. प्रत्येकासमोर बारीक दशांश होते. मधल्या ओळीसमोर नेमका अर्धा. मुख्य कचेरीनं त्याखाली शेरा मारला होता: ‘दुरुस्तीगणिक पंप सुधारत आहे. नव्या पंपाची गरज नाही.’

अहवालाचा सगळा डोलारा त्या तक्त्यावर होता. शेवटी सलग एकतीस दिवस चाललेला पंप सारकमचा हात लागताच एका रात्रीत गेला, म्हणजे काम सारकमनंच बिघडवलं.

“हे आकडे कुठून घेतले?”

“पंपाच्या वहीतून. पंपाशेजारी खुंटीला टांगलेली असायची.” विदग्दोंनी खिडकीकडे पाहिलं. “शुक्रवारी वाफेत तिचा लगदा झाला. काही उरलं नाही.”

बूंनी तक्ता पुन्हा वाचला. सात आकडे, आणि एकही मागे वळून पाहत नव्हता. साठ वर्षांचा पंप इतका शहाण्यासारखा वागतो?

२

सारकम फाटकाबाहेरच्या टपरीवर बसला होता. वय सत्तावन्न, निवृत्तीला पाच महिने. समोरचा भात तसाच होता.

“बसा बू. माझ्याशी बोलताना दिसलात तर तुम्हालाही कामावरून काढतील.”

“मला काढायला कुणी ठेवलेलंच नाही,” बू म्हणाल्या. “पंप सुधारत होता म्हणतात.”

“सुधारत होता?” सारकम हसला. “बू, सुरुवातीला महिना काढला त्यानं. शेवटी शेवटी तीन दिवस निभत नव्हता. मी सील बदलायचो, हा पुन्हा गळायचा. म्हाताऱ्याचा दात काढला म्हणून म्हातारा तरणा होतो का? दात तेवढा नवा, माणूस तोच.”

“हे चौकशीत सांगितलंत?”

“सांगितलं ना. म्हणाले, पुरावा दाखव. वही नाही. बाकीच्यांना विचारा म्हणालो, तर कुणालाच आठवेना, आणि त्यांचंही खरंच आहे. इथे दिवसातून चारदा काहीतरी थांबतं. गव्हाण अडते, पट्टा तुटतो. कुठलं काय कधी थांबलं, कोण लक्षात ठेवतो? तुकिराननं ठेवलं असतं.” त्यानं ताट बाजूला सारलं. “आणि कागद बोलायला लागला की फिटरनं गप्प बसायचं असतं.”

टपरीवाली भांडी घासता घासता म्हणाली, “चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!”

“तू गप गं. तुझ्यामुळे माझी शिक्षा अजून दोन वर्षं वाढायची,” सारकम म्हणाला. मग आवाज खाली आणून, “आज तुकिरानचा सातवा दिवस आहे, बू. संध्याकाळी जेवण. गाव म्हणतं, मी पायरी चढू नये. तीस वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. तुरुंगात जायचं तर जाईन. पण आज तिथे बसता आलं नाही तर…”

 बूंनी त्याला पुढे बोलू दिलं नाही.

“गुरुवारची शेवटची दुरुस्ती वहीत लिहिलीत?”

“वही कुठे होती? खुंटी रिकामी. तुकिरान म्हणाला, भिंतीवर लिही, उद्या उतरवू.”

बू उठल्या. इतक्या चटकन उठल्या की उपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली.

३

तीन नंबरचा बॉयलर थंड पडला होता. शेजारच्या दोघांची धग मात्र भिंतीतून येत होती. पंप एका जाड खांबाच्या आडोशाला होता. फुटलेल्या नळीची वाफ पलीकडच्या बाजूनं गेली होती. तिथला रंग सोलून निघाला होता. खांबाच्या अलीकडे सारं जसंच्या तसं होतं.

खुंटीही होती. तिच्या खाली, वही टांगल्यावर झाकली जावी नेमक्या त्या जागी, खडूनं लिहिलं होतं: ‘सत्तावीस ऑगस्ट, संध्याकाळ. पुन्हा सील. सारकम.’

बूंनी बोटाचं टोक लावलं. पांढरी भुकटी बोटाला आली. ओलं फडकं फिरवलं असतं तरी पुसून गेली असती ती अक्षरं.

 इथे वाफ आलीच नव्हती. आणि आली असती तरी अपघाताच्या आदल्या संध्याकाळी खुंटी रिकामीच होती.

मग शुक्रवारी लगदा कुठल्या वहीचा झाला?

४

कचेरीत वेनिंग नावाची टंकलेखनाची बाई होती. बूंनी तक्ता पुढे ठेवताच तिचे डोळे भरले.

“माझी चूक झाली का, बू? मी तीनदा ताडून पाहिला होता. जशी चिठ्ठी, तसा तक्ता.”

“चिठ्ठी? वही नाही पाहिलीस?”

“वही साहेबांनी स्वतः वर आणली, पंचवीस तारखेला. म्हटलं, द्या, मी उतरवते. म्हणाले, नको, आधी नीट लावून देतो.” तिनं कप्प्यातून चिठ्ठी काढली. विदग्दोंचं ठाशीव अक्षर, तेच सात आकडे, तेच दशांश. “हे अपूर्णांक कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, वर्गात असंच शिकवलंय.”

“वही खाली परत गेली?”

“मी नेताना पाहिली नाही. सत्तावीसला मुख्य कचेरीचं पत्र आलं. ते वाचून साहेब दार लावून बसले. जेवलेही नाहीत.”

बूंनी चिठ्ठी हातात धरली, आणि त्यांना घाम फुटला.

ते दशांश त्यांच्या ओळखीचे होते. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच फळ्यावर लिहिले होते. एकदा गेले की फेकून द्यायचे, अशा दिव्यांसाठी. शंभर दिवे लावायचे, कुठला किती दिवस जळाला ते लिहायचं, आणि पहिली पायरी म्हणून लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावून प्रत्येकासमोर तोवर दिव्यांचा किती हिस्सा विझला तो दशांश मांडायचा. दिव्यांना ते चालतं. एका दिव्याचं मरण दुसऱ्याला ठाऊक नसतं. पण पंप एकच असतो. पडतो, उठतो, पुन्हा पडतो. त्याचे दिवस उंचीप्रमाणे लावले की तो म्हातारा होतोय की सावरतोय, हेच पुसलं जातं.

वर्ग पाच दिवसांचा ठरला होता. कचेरीनं तीनवर आणला. उठून पुन्हा चालणाऱ्या यंत्रांचा धडा चौथ्या दिवशी होता. ‘उरलेलं पुन्हा येऊन शिकवीन,’ असं बू निरोप घेताना म्हणाल्या होत्या.

त्या आल्याच नाहीत. कधी सवड नव्हती, कधी बोलावणं नव्हतं, आणि मग तर आठवणही राहिली नाही.

“बू, पाणी…” वेनिंग म्हणाली आणि थांबली.

“उपास आहे गं.” बूंनी कपाळ पुसलं. “सात आकडे पाच हजार चाळीस तऱ्हांनी मांडता येतात. त्यांतल्या एकाच तऱ्हेत ते असे पायऱ्या चढत जातात. आपोआप असं होईल यावर माझा विश्वास नाही. पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे. खरा क्रम हवा.”

आणि खरा क्रम वहीत होता. नाहीतर तुकिरानच्या डोक्यात.

५

तुकिरानच्या घरी सातव्याचा स्वयंपाक चालला होता. शेजारणी नारळ खवत होत्या. त्याची बायको पाइना भाताच्या वाफेपाशी बसली होती. रडून रडून चेहरा कोरडा झालेला.

“कारखान्याच्या बाई का? सही करून घ्यायची असेल तर मला लिहिता येत नाही.”

“सही नको. बसू का जराशी?”

“बसा. भांडी घासायला सांगू नका म्हणजे झालं, आज बायका पुष्कळ आहेत.” मग तीच ओशाळली. “थट्टा करायची खोड त्यांचीच. घरात राहिली ती.”

बू तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि नारळाची कवड हातात घेतली. पंपाचं विचारलं, तसा पाइनानं उसासा सोडला.

“त्या पंपाला तर मी सवतच मानायची! पडला की हे तोंड पाडून यायचे, उठला की मला पेज करायला लावायचे. लाल आणि पांढरी.”

लाल-पांढरी पेज, एक माडाच्या गुळाची, एक नुसत्या तांदळाची. मूल तापातून उठलं की घरोघरी वाटतात ती.

“पंपासाठी?”

“मी पण हेच म्हणायची. म्हणायचे, तो पाणी देतो म्हणून आपण जेवतो. उठला तर गोड नको का? दर वेळी पेज. एकदा चुकून दोनदा केली, तर गल्लीभर हसू. तेव्हापासून पेज झाली की गुळाचा अंगठा तिथे उठवते.”

तिनं मानेनं भिंत दाखवली. भिंतीवर दिनदर्शिका होती, महिन्याला एक पान. बू उठून पानं उलटू लागल्या. गुळाचे डाग मुंग्यांनी केव्हाच फस्त केले होते. डागांबरोबर कागदही कुरतडला होता, त्यामुळे अंगठ्याएवढ्या जाळ्या तेवढ्या उरल्या होत्या. मे महिन्यात एकही नाही. जूनमध्ये सोळाला एक. जुलैत दहा आणि बावीस. ऑगस्टचं पान मात्र चाळण झालं होतं: आठ, सोळा, एकवीस, चोवीस, सत्तावीस.

सोळा मेपासून बू बोटांवर मोजू लागल्या. एकतीस. चोवीस. बारा. सतरा. आठ. पाच. तीन.

तेच सात. एक कमी नाही, एक जास्त नाही. बेरीज बरोबर शंभर. फक्त आले त्या पावलांनी, मधे एकदा अडखळून, उतरणीवर. सत्तावीसची खूण तक्ता झाल्यानंतरची.

एका शेजारणीनं पाणी आणलेली कावड अंगणात टेकवून ठेवली होती. बूंनी तिची काठी उचलून आडवी धरली.

“पाइना, हे बघ. काठीचं हे टोक म्हणजे हंगामाची सुरुवात, ते टोक म्हणजे शंभरावा दिवस. त्या टोकावरचा बिघाड सोडून दे. बाकीचे सहा आपापल्या दिवशी टांगले, तर काठी कुठे तोलेल?”

“सारखे पसरले असतील तर मधे.”

“मधे, पन्नासावर. कागदातल्या रांगेप्रमाणे टांगले, तर अठ्ठाविसाव्या दिवसावर तोलते. म्हणजे त्रास सुरुवातीचा, पुढे सगळं ठीक. तुझ्या अंगठ्यांप्रमाणे टांगले, तर एकाहत्तराव्यावर.”

पाइना काठीकडे बघत राहिली. तिच्या आयुष्यात कावडीचा तोल तिला कुणी शिकवावा लागला नव्हता.

“म्हणजे ओझं शेवटाकडे सरकत होतं,” ती म्हणाली. “मग सारकम…?”

“अजून एकाशी बोलायचंय.”

“बाई, मला एकच सांगा. लोक म्हणतात, त्याला आज पंगतीत घेऊ नको. त्या सत्तावीसच्या पेजेचा डबा मी त्याच्यासाठीच भरून दिला होता. पोचायचा राहिला. त्याला बोलवू की नको?”

“संध्याकाळच्या अजानेपर्यंत थांब,” बूंनी तिचा हात धरला. “जे कळेल ते कागदावर जाण्याआधी तुला सांगेन. माझ्या तोंडानं, सगळं.”

६

विदग्दो कचेरीत उभेच होते, जणू वाट बघत होते.

बूंनी आवाज चढवला नाही. तो त्यांना चढवता येतच नसे. “वाफ खुंटीपर्यंत गेली नव्हती. खडूची अक्षरं शाबूत आहेत. आणि ती जिथे लिहिलीत तिथे वही टांगलेली असती, तर लिहिताच आली नसती. सत्तावीसला वही खाली नव्हती. पंचवीसला ती तुम्ही वर आणलीत. कुठे आहे?”

विदग्दोंनी नमाजाची चटई उचलली. खाली तेलकट, काळ्या पुठ्ठ्याची वही होती.

“जाळायला नेली होती, बू. दोन नंबरच्या बॉयलरच्या तोंडाशी उभा राहिलो. टाकता आली नाही. तुकिरानचं अक्षर आहे हो तिच्यात.”

“तक्ता मुद्दाम तसा केलात?”

“शप्पथ नाही. पंप बदला, हेच सांगायला पाठवला होता. तुमच्याकडे शिकलो तसा क्रम लावला. कचेरीनं वरून खाली वाचला आणि सुधारतोय म्हणून कळवलं. पत्र वाचलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं.” ते खुर्चीत कोसळले. “चूक कळवायला फोन उचलला होता, बू. मागच्याच आठवड्यात जास्त मागण्या करतो म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं मला. वाटलं, महिन्याभराचा हंगाम राहिलाय, निभेल. दुसऱ्या दिवशी सकाळी…”

“आणि मग सारकम.”

“मग प्रत्येक दिवशी उद्या सांगू म्हणत गेलो.”

टेबलावरचा फोन वाजला. मुख्य कचेरीचे लुक्मान होते. “झाली का सही, बू? अहो, साधा तक्ता आहे. आकडे खोटे आहेत का?”

“एकही आकडा खोटा नाही,” बू म्हणाल्या. “बेरीजही बरोबर आहे. पण ते घडले तसे लावलेले नाहीत, आणि तुम्ही ते घडले तसे वाचलेत. पंप म्हातारा झाला होता, पाक् लुक्मान. त्याला फिटरची नाही, निवृत्तीची गरज होती. या अहवालावर मी सही करणार नाही. माझा वेगळा अहवाल सकाळी दहाच्या आत येईल.”

“म्हणजे दोष कुणाचा ठरवताय?”

“त्यात नावं बरीच येतील. तुमच्या शेऱ्याचं येईल. पहिलं माझं येईल.”

फोन ठेवल्यावर विदग्दोंनी मान वर केली. “तुमचं कशाला?”

“चौथ्या दिवसाचा धडा राहिला होता ना? पुन्हा येईन म्हणाले होते.”

 बाहेर गव्हाणीवर मोळ्या पडत होत्या. एकाएकी पट्टा थांबला, कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा सुरू झाला.

“मी काय करू, बू?”

“जे आत्ता मला सांगितलंत ते लिहा. स्वतःच्या हातानं. आणि या वेळी घडलं त्याच क्रमानं.”

वही बूंनी वेनिंगच्या ताब्यात दिली. पानं मोजून, तिची सही घेऊन. वेनिंगनं अहवालासाठी कोरे कागद पुढे केले, तर बूंनी नकारार्थी मान हलवली. “हे नंतर. आधी एका घरी जायचंय.”

पर्समध्ये एक खजूर आणि पाण्याची लहान बाटली होती. ती चाचपून त्यांनी वहाणा चढवल्या. ऊन उतरून उसाच्या शेंड्यांवर आलं होतं. अजानेला अर्धा तास असेल. पाय भरून आले होते. तिथे गेल्यावर पाइनाला आपलंही नाव सांगावं लागणार होतं, सातव्याच्या घरात, सगळ्यांदेखत. ते ऐकून तिनं पंगतीतून उठवलं, तर उठायचं.

फाटकाबाहेरच्या बाकावर सारकम बसला होता. आंघोळ करून, धुतलेली लुंगी नेसून आलेला. काळी टोपी गुडघ्यावर, आणि हात टोपीवर.

बू त्याच्यासमोर क्षणभर थांबल्या.

“टोपी घाला, सारकम. उशीर होतोय.”

आणि उत्तराची वाट न पाहता, मोळ्यांच्या गाड्यांच्या रुळांकडेनं, उपाशी माणसाच्या संथ चालीनं त्या तुकिरानच्या घराच्या दिशेनं निघाल्या.